गालाखाली दोन तळहात

१४ जून, आत-बाशी

इशेनदादा आज पुन्हा नारीनहून आला आणि टेकतो न टेकतो तोच तेच तुणतुणं सुरू. घर बंद कर, गाय वीक, माझ्याकडे राहायला ये. मागची खोली रिकामी आहे, तुझ्या वहिनीला सोबत होईल. मेदेत, माझा नवरा, वारून दोन वर्षं झाली, आता एवढ्या घरात एकटी बाई करते काय, असं लोक विचारतात म्हणे. मी म्हटलं, लोकांना सांग, एकटी बाई चहा पिते आणि पाय पसरून बसते.

हसला नाही. सत्तावीस वर्षं नारीन-ओश बस चालवून त्याची मान ताठ झाली आहे, ती आता कुणापुढेच वळत नाही.

"तुझ्यानं एक रात्र निघायची नाही कुठे एकटीनं," तो म्हणाला. "लांब कुठे कुत्रं भुंकलं तरी कडी लावून बसतेस."

कुत्र्याचं खरं आहे. पण खरं म्हणून तोंडावर फेकायचं? माझ्या पोटरीवरचा वण त्याला माहीत आहे, आणि त्याच्या मनगटावरचा मला. सहा वर्षांची होते, मेंढपाळाच्या कुत्र्यानं पोटरी धरली, तेव्हा यानं त्याच्या जबड्यात स्वतःचा हात घातला होता. म्हणून काय जन्मभर मला ऐकवायचं?

माझं डोकं फिरलं. हाताला धरून त्याला गोठ्यात नेलं आणि उटेची सायकल दाखवली. उटे म्हणजे ती जर्मन बाई, पासष्टीची. गेल्या वर्षी संध्याकाळी माझ्या फाटकात उभी राहिली, दोन तळहात जोडून गालाखाली धरले, डोळे मिटले. आपल्या भाषेचं एक अक्षर येत नव्हतं, पण झोपायला जागा हवी हे न कळायला मी काय दगड आहे? इथून जाणारे सगळे सायकलवाले तसंच करतात. तिनं माझ्याकडे चार दिवस काढले, पाचव्या दिवशी उतारावर पडून मनगट मोडून घेतलं आणि विमानानं घरी गेली. सायकल मला ठेवून गेली. तेव्हापासून मी ती गावाबाहेर, कुणी नसताना, चालवते. आता पडत नाही.

"हिच्यावरून मी ओशला जाते," मी म्हटलं. "लेकीकडे, नाझिराकडे. सगळे घाट चढून. रोज रात्री नवं दार, आणि जागा मी स्वतः मागणार. त्या मुक्या बाईला मिळते, मला तोंड आहे."

"आणि जमलं तर?"

"तर हे घर माझं. मागच्या खोलीचं नाव परत काढायचं नाही."

"आणि वाटेतून फोन आला, दादा न्यायला ये म्हणून?"

"तर गाय वीक आणि खोली झाडून ठेव."

हातावर हात मारला. मग वाट कुठली, मुक्काम कुठे कुठे, हे त्यानं तीनतीनदा विचारलं. मी ठसक्यात सगळं सांगितलं. लपवायचं काय आहे?

१८ जून, नारीनच्या पुढचं गाव

नारीनमधून दुपारी गेले. दादाच्या गल्लीच्या तोंडाशी मुद्दाम घंटी वाजवली आणि पुढे निघाले. वहिनी खिडकीत होती. तिनं डोक्याला हात लावला तो मला दिसला.

दिवसभर मनात एकच उजळणी. दार उघडणारा पहिल्यांदा काय विचारणार? कुणाची तू? कुणाची मुलगी, कुणाची सून, कुठल्या घराण्यातली? आपल्याकडे पाणी देण्याआधी हे विचारतात. मी उत्तर घोटून ठेवलं होतं: मी कुणाची कुणी नाही. मी तुरसुनाय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य घालवलं, सायकल माझी, पाय माझे, रात्रीपुरती जागा हवी.

पहिल्या पॉप्लरच्या झाडाशीच उतरले आणि सायकल हातात धरून चालत, खाकरत, कडेनं घराकडे गेले. दारापर्यंत भरधाव यायला मी काय कुणाच्या मरणाची बातमी आणली आहे? परदेशी पोरांना हे कळत नाही. मागे एक फ्रेंच पोरगा माझ्या अंगणात असाच सुसाट शिरला, आणि सासूबाईंनी मांड्या बडवून घेतल्या होत्या, वाटलं मेदेत गेला. तेव्हा तो चांगला ठणठणीत होता, आत भाकरी खात होता.

अब्दिल नावाचे म्हातारे बाहेर आले. पांढरी टोपी, दात थोडे. मी तोंड उघडलं तोवर म्हणाले, "ये पोरी, आत ये, चहा निवतोय."

कुणाची, कुठली, काहीही नाही! मी उत्तर गिळलं. चहाचं पुडकं त्यांच्या बायकोच्या हातात दिलं, भिंतीशी बसले. कुत्रा होता, चांगला वासराएवढा, पण गोठ्याच्या खांबाला आखूड दोरीनं बांधलेला. तो ओरडून ओरडून घसा फोडत होता आणि मी आपली शांतपणे साय लावून ब्रेड खात होते.

पहिलं दार पहिल्या झटक्यात उघडलं. ऐक, इशेनबेक, ऐक.

१९ जून

बसवत नाही. उभ्यानं लिहिते आहे.

२० जून, आक-ताल

या वाटेवरच्या लोकांना उगाच नावं ठेवतात. मी म्हणते, माणसं सुधारली आहेत. आज सलग तिसरं घर, आणि तिसऱ्याही घरी कुत्रा बांधलेला. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी या रस्त्यावर दर दोन मैलांनी एक काळं धूड अंगावर यायचं. रस्त्यातले यायचे ते येतातच. आज सकाळी एक आला, मी दोन्ही पाय हँडलवर घेतले, किंचाळले आणि उतारानं वाचवलं. पण ज्या घरी थांबावं तिथला बांधलेला. आता सायकलवाल्यांची ये-जा वाढली, लोकांना वळण लागलं असणार.

आज गुलाइमकडे उतरले आहे. माझ्याच वयाची, तोंडाळ, मला आवडली. मी फाटकाशी पोहोचले तर ती कमरेवर हात ठेवून उभी. "किती गं उशीर!" म्हणाली. अनोळखी माणसाला असं आपलेपणानं बोलायला जीभ गोड लागते. चुलीवर मटण शिजलेलंच होतं. बघ नशीब! वाढताना शेपटीकडचं हाड मला दिलं, मोठ्या बाईचा मान म्हणून. पण चरबीची वडी ताटात नव्हती. मला ती लहानपणापासून चालत नाही. दर घरी ती कशी नाकारायची याची धास्ती असते, यजमानाचा अपमान होतो. इथे प्रश्नच आला नाही.

"तुम्ही चरबी नाही वाढत?" मी विचारलं.

"डॉक्टरनं नको म्हटलंय," ती म्हणाली.

"कुणाला?"

"सगळ्यांना," गुलाइम म्हणाली आणि चहा ओतायला उठली.

गरम पाण्याची बादलीही आणून ठेवली, गुडघे शेकायला. मी गुडघ्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. चढावर सायकल ढकलून आलेल्या बाईचे गुडघे दुखणारच, हे ओळखायला बाईच लागते.

दादाचा अजून एकही फोन नाही. रुसला असेल. हरतो आहे ना.

२२ जून, अजून आक-ताल

काल गावाबाहेर निघाले आणि साखळी तुटली. वर पाऊस. सायकल ढकलत परत गुलाइमच्या दारात. लाज वाटली, पण तिनं फोन करून गावातल्या लोहाराला बोलावलं. तो म्हणाला, असली साखळी त्यानं जन्मात पाहिली नाही. तरी बसून, शिव्या देत, दिवस घालवून जोडली. आज निघते. गुलाइमनं जाताना गळामिठी मारली आणि म्हणाली, "तुझा दादा नशीबवान आहे."

मी तिला दादाबद्दल काय सांगितलं होतं? भांडल्याचं सांगितलं असेन. मी बोलायला लागले की भान राहत नाही.

२५ जून, काझारमान

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

काल संध्याकाळी चिनारकडे आले. बसचालकाची बायको, मोठं अंगण, पलीकडे सोन्याच्या खाणीची धुराडी. सगळं नेहमीसारखंच. ये ताई, बस ताई, मटण तयार, चरबी नाही, कुणाची कुठली नाही, कुत्रा बांधलेला. मला तर वाटलं मी काही विद्या शिकले आहे. झोपताना हसू येत होतं.

सकाळी उजाडता उजाडता बाहेर तोंड धुवायला गेले. चिनार गोठ्यापाशी पाठमोरी बसून कुत्र्याशी बोलत होती. त्याच्या मानेला दोरीनं घासून लाल झालं होतं, ती तिथे लोणी लावत होती.

"परवापासून बांधलंय रे तुला, राजा," ती म्हणत होती. "मी काय करू, परवाच येणार म्हणाले होते. आता ही बाई निघाली की सोडते हं."

मी तोंडात पाणी घेऊन तशीच उभी. परवा. परवा मी अजून वाटेतच होते. साखळी तुटली नसती तर परवाच इथे आले असते. हे हिला कुणी सांगितलं?

मी पाणी थुंकून विचारलं, "कोण म्हणालं, चिनार?"

तिनं आधी कुत्र्याकडे पाहिलं, जणू तोच काहीतरी सांगेल. मग म्हणाली, "इशेनबेकदादांनी फोन केला होता. माझ्या नवऱ्याबरोबर गाडी चालवायचे ना ते. पण तुला सांगायचं नाही म्हणाले होते."

"काय काय नाही सांगायचं?"

"हेच. ते म्हणाले, बहीण येते आहे. कुत्रा बांध. चरबी वाढू नकोस. गुडघ्याला पाणी दे. आणि कुणाची कुठली विचारू नकोस, ती चिडते."

"आणि आधीच्या गावांत?"

"ते मला कसं ठाऊक असणार," असं म्हणत ती खाली बघायला लागली, म्हणजे ठाऊक होतं.

मी! मी, जिनं वीसच्या वर वर्षं या डोंगरांतले सगळे फोन जोडून दिले! कोण कुणाशी काय बोलतो, कुणाची म्हैस व्याली आणि कुणाचा नवरा पळाला, आधी मला कळायचं, मग गावाला. आणि माझ्याच पुढून, एका गावातून दुसऱ्या गावात फोन पळत होते आणि मी मागून सायकल हाकत होते आणि म्हणत होते, माणसं सुधारली. मूर्ख बाई. म्हातारी मूर्ख बाई.

त्याला मी हरायला हवी आहे, आणि वर जिंकवून देण्याचं पुण्यही त्यालाच हवं. मी ओशला पोहोचले असते, घर माझं झालं असतं, आणि मग पुढे कधीतरी एखाद्या लग्नात, दोन पेले पोटात गेल्यावर, तो चारचौघांत सांगणार: अहो, तिला तर मीच पोहोचवली. हा त्याचा डाव. याहून तर त्यानं सरळ बसमध्ये कोंबून नेलं असतं तर बरं.

चिनारचा चहा प्यायले नाही. मग तिचं तोंड बघून प्यायले. तिचा काय दोष? निघताना मी तिला म्हटलं, "सोड त्याला."

"तू निघालीस की."

"आत्ता सोड."

तिनं सोडला. मी सायकलवर टांग टाकली आणि अशी सुटले की फाटक पाठीमागे आपोआप आपटलं. त्यानं गल्लीच्या टोकापर्यंत पाठलाग केला. माझी किंकाळी काझारमानमध्ये सगळ्यांनी ऐकली असणार. ऐकू दे.

२६ जून

आज कुणाशी बोलले नाही. एका कोरड्या नाल्यावरच्या पुलाखाली टेकले, कारण जवळ घरच नव्हतं. हे पैजेत बसत नाही, पुलाला मी काही विचारलं नव्हतं. पण पैज तरी आता कुठे उरली आहे.

२७ जून, काल्दामा घाटाखाली, कालबुबूचा तंबू

घाटाच्या पायथ्याशी रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्यांचं घर आहे. दुपारनंतर तिथे पोहोचले तर एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा, हात पसरून. "ताई! तुरसुनायताई! इकडे, इकडे! बटाटे टाकलेत!" मागे त्याचा कुत्रा बांधलेला, अर्थातच.

मी घंटी वाजवली. तो बाजूला झाला. मी गेले.

"ताई, वर गारा पडतायत!" तो मागून ओरडत होता. "दादांना मी काय सांगू?"

"सांग, ओळखलंच नाही मी!" मी ओरडले.

मुख्य रस्ता सोडून डावीकडच्या दरीत शिरले. गुरं वर नेण्याची वाट. दादाची बस या वाटेला कधी आलेली नाही, इथे त्याला कुणी ओळखत नाही, आणि फोनला इथे रेंजही नाही. हेच मला हवं होतं. पहिल्या तासाभरात मी स्वतःवर इतकी खूश होते की काही विचारू नका.

मग गारा आल्या. हरभऱ्याएवढ्या, मग त्याहून मोठ्या. वाटेचा चिखल झाला, चाकं रुतली. पहिला तंबू दिसला तो मोकळाच होता, नुसता सांगाडा, वरचे लोकरीचे नमदे काढून नेलेले. त्याच्या लाकडांखाली उभी राहिले, दात वाजत होते. दिवस कलला होता. खरं लिहायचं तर फोन काढून पाहिला. रेंज असती तर मी काय केलं असतं, हे मी इथे लिहिणार नाही.

गारा थांबल्या तेव्हा पलीकडच्या उतारावर धूर दिसला. एक तंबू, चार घोडी, मेंढ्या. मी लांबूनच उतरून चालत जाणार होते, रीतीप्रमाणे, मागच्या बाजूनं, खाकरत. पण मेंढ्यांमधून तो उठला. पिवळा, कान कापलेला, बांधलेला नाही. भुंकलासुद्धा नाही. न भुंकता येणारा कुत्रा काय असतो ते माझ्या पोटरीला विचारा.

सायकलवर कशी बसले आठवत नाही. समोर उतार होता. रीतभात, खाकरणं, मागची बाजू, सगळं गारांबरोबर वाहून गेलं. मी पेडल मारत, ओल्या गवतावरून घसरत, सरळ तंबूच्या दारावर गेले, कुत्रा मागच्या पिशवीला लोंबकळतोय, आणि दारापाशी सायकलसकट आडवी झाले.

तंबूचा पडदा उडाला. एक म्हातारी बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, मी ज्या वेगानं आले ती वाट पाहिली, आणि दोन्ही हात मांड्यांवर मारले.

"माझा मकसत!" ती ओरडली. "गेला गं माझा मकसत!"

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. धाप लागली होती, कुत्रा बूट ओढत होता. नाही, नाही, मी मान हलवत होते. तिला ते दिसतच नव्हतं, ती केस सोडत होती. आता हिला कसं सांगू, की मी कुणाची बातमी आणलेली नाही, मला फक्त झोपायला जागा हवी? मला एकच सुचलं. मी दोन तळहात जोडले, गालाखाली धरले आणि डोळे मिटले.

तिची किंकाळी अशी निघाली की मेंढ्या पांगल्या. "झोपला! कायमचा झोपला!"

मी असला मूर्खपणा पुन्हा आयुष्यात करणार नाही.

शेवटी आवाज आला. "आजी, मी मकसतला ओळखत नाही! मी कुत्र्याला घाबरून पळाले!"

ती थांबली. नीट बघितलं. मग चार पावलं पुढे आली आणि माझ्या कानाखाली अशी सणसणीत लगावली की गारा परत सुरू झाल्यासारखं वाटलं. दुसरी कुत्र्याला. तो लगेच लांब जाऊन बसला. मग ती माझ्याशेजारीच ओल्या गवतात बसली आणि खूप वेळ रडली. मीही रडले, खोटं कशाला लिहू. माझं काही मेलं नव्हतं, तरी रडले.

तिचं नाव कालबुबू. नवरा वरच्या कुरणात गेला आहे. मकसत तिचा मुलगा, रशियात इमारतींवर काम करतो, आणि इथे कुरणात रेंज नाही म्हणून बरेच दिवस त्याचा आवाज नाही. रात्री घोडं कुठे ठेचाळलं तरी तिला वाटतं, आलं कुणीतरी सांगायला. आणि मी दिवसाउजेडी दारावर धडकले.

तिनं मला आत ओढलं, माझे मोजे चुलीवर वाळत टाकले. एका मोज्याला दातांची भोकं आहेत, पोटरी सुटली. घोडीचं आंबवलेलं दूध दिलं, बोरसोकांचा, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांचा, ढीग पुढे ओतला. मटण नव्हतं. चरबी होती, मोठी थबथबीत वडी, आणि ती मी खाल्ली. सगळी. तिनं मारल्यावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

मग तिनं विचारलं. अखेर कुणीतरी विचारलं!

"कुणाची गं तू?"

इतक्या दिवसांचं घोटलेलं उत्तर माझ्या जिभेवर होतं. "मी कुणाची कुणी नाही," मी म्हटलं. "मी तुरसुनाय. सायकल माझी, पाय माझे." आणि दादाच्या फोनांचा सगळा राग तिच्यापुढे ओतला.

कालबुबूनं बोरसोक चहात बुडवला. "कुणाचीच नसतीस," ती म्हणाली, "तर या गारांत एवढ्या वर कुणावर चिडून आली असतीस? एकटी बाई घरी बसते गं. इतका राग धरायला माणूस लागतं."

मी अजून एक बोरसोक तोंडात कोंबला. उत्तर सुचलं की लिहीन.

२८ जून, तिथेच

तंबूच्या वर एक मोठा खडक आहे, त्यावर उभं राहिलं की कधी कधी फोन लागतो. गुडघ्यांमुळे कालबुबू महिन्यात एखाद वेळाच चढते. आज मी तिला सायकलवर बसवून, ढकलत, वर नेलं. कुत्रा मागोमाग. तो आता माझ्या बुटांचा वास घेतो, चावत नाही. त्याचा वास घेणंही मला नको आहे, पण मी ओरडले नाही.

मकसतला फोन लागला. म्हातारी आधी त्याला शिव्या देऊन मोकळी झाली, मग विचारलं जेवलास का. मी पाठ फिरवून उभी राहिले.

मग माझा फोन. रेंज आली तशा एकामागून एक घंटा. दादाचे, दादाचे, वहिनीचा, चिनारचा, दादाचे. मी लावला. पहिली रिंग पूर्ण झाली नाही.

"कुठे आहेस तू?" त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "मी काझारमानमध्ये आहे. रात्रभर गाडी चालवली. घाटाखालचा तो बर्फ काढणारा दऊत म्हणाला तू वर गेलीस, गारांत. कुठे आहेस?"

"तुझ्या ओळखीचं नाही असं एक घर आहे. तिथे आहे."

"कुणाचं?"

"सांगणार नाही. तू फोन करशील."

त्यानं हळूच विचारलं, "कुत्रा?"

"मोकळा."

"चावला?"

"मोज्याला."

मला वाटलं फोन कट झाला. नव्हता झाला. तिकडे नाक ओढल्याचा आवाज आला, सर्दी झाली असेल, रात्रीची गाडी चालवली की होते त्याला.

"पैज तू मोडलीस," मी म्हटलं. "मी नाही. मला हरवायचं होतं तर नीट हरवायचं. हे काय चोरून जिंकवणं!"

"तुला हरवायचं होतं कुणाला?" तो म्हणाला. "बोलून बसलो गं. तू निघालीस त्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही. प्रत्येक घरी फोन करायचो, पोहोचली का, जेवली का. पोहोचलीस म्हटलं की मग झोपायचो."

बघा, कसा बोलतो! वकील व्हायला हवा होता. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं: घर माझं. खोलीत कांदे भर. आणि यापुढे ओशपर्यंत एकाही माणसाला एकही फोन करायचा नाही. केलास आणि मला कळलं, तर ओशलाच राहीन, परत तोंड दाखवणार नाही.

"आणि मला कसं कळणार," त्यानं विचारलं, "तू कुठे आहेस ते?"

हा प्रश्न मी धरला नव्हता. खडकावर वारा सुटला होता. कालबुबू माझ्याकडे टक लावून बघत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"मी करीन फोन," मी म्हटलं. "पोहोचले की. मी करीन. तू नाही."

"बरं."

"शपथ घे."

"घेतली गं, बाई."

ठेवला. शपथ त्यानं आजवर किती घेतल्या आणि किती पाळल्या, ते मला विचारा. सिगारेट सोडायची तीनदा घेतली आहे.

"हाच का तो, ज्याची तू कुणी नाहीस?" कालबुबूनं विचारलं. मी तिला खडकावरून उतरवायला उशीर केला थोडा, मुद्दाम.

३० जून, घाटाच्या पलीकडे

काल्दामा चढले. अर्धा चालवून, अर्धा ढकलून. वर बर्फ होता, त्यावर बसून कालबुबूनं दिलेली चरबी खाल्ली. उतारावर ब्रेक धरून बोटं मेली आहेत. खाली हवा ऊबदार, अक्रोडाची झाडं, वेगळीच माणसं, बोलणं जरा गोड लावतात.

दिवसभर एकच विचार. यानं शपथ पाळली आहे की नाही? ही वाटही त्याच्या बसची. या गावातही कुणीतरी असणार, जुना कंडक्टर, टायरवाला, कुणाची तरी मावशी. मी फाटकात जाणार, आणि कुणीतरी म्हणणार, ये ताई, बस ताई, चहा निवतोय. तसं झालं तर मी तिथूनच मागे फिरणार होते, आणि ओशला जाऊन बसणार होते, जन्मभर. ठरवलंच होतं.

गावातलं पहिलं घर सोडलं, दुसरं सोडलं, निळ्या फाटकाचं तिसरं निवडलं, उगाच, मनाला आलं म्हणून. लांबूनच उतरले. सायकल हातात घेतली. खाकरले.

फाटकाच्या खालून तो बाहेर आला. काळा, छातीवर पांढरा ठिपका, जबडा हा एवढा. गळ्यात दोरी नाही. साखळी नाही. काही नाही. मोकळा. पूर्ण मोकळा! सरळ माझ्या अंगावर.

पोटरीचा वण गरम झाला, आणि मी इतकी आनंदले की मोठ्यानं हसले. शहाण्या, इशेनबेक! ऐकलंस! आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंस माझं! मी सायकल मधे धरून उभी राहिले. पळाले नाही. तो भुंकत चाकाभोवती फेऱ्या मारत होता आणि मी घामानं भिजले होते, पण पळाले नाही.

आतून एक बाई आली, कणकेचे हात, कपाळाला आठी. वरपासून खालपर्यंत बघितलं. मेदेतची टोपी, दातांची भोकं पडलेला मोजा, चिखलाची सायकल.

"कोण गं तू?" ती म्हणाली. "कुणाची?"

"लांबची आहे," मी म्हटलं. "आत-बाशीची तुरसुनाय. रात्रीपुरती जागा हवी. आणि आधी एक फोन करायचा आहे, घरचा माणूस वाट बघतोय."

तिनं अजून थोडं बघितलं. मग फाटक उघडलं आणि कुत्र्याच्या मानेला हात घातला.

"थांब, याला बांधते."

"नको," मी म्हटलं. "राहू दे मोकळा."